बांधावरची आई

कापूस वेचणीच्या दिवसांत पारोळा तालुक्यातल्या आमच्या शेतात दुपारी बांधावर कळण्याच्या भाकरीचे फडके सोडले जाते, तेव्हा मला हटकून अँडर्स झॉर्न या स्वीडिश चित्रकाराचे १८८६ सालचे एक जलरंगचित्र आठवते. सुगीचे दिवस आहेत, मागे शेतात कापणी चालली आहे, आणि पुढे बांधाशी डोक्याला रुमाल बांधलेली एक वयस्क बाई कामकऱ्यांसाठी भांड्यात अन्न शिजवीत बसली आहे. चित्राचे नाव एका ख्रिस्ती प्रार्थनेतून आले आहे आणि त्या ओळीचे मराठी भाषांतर ‘आमची रोजची भाकर’ असे आहे. मला यापेक्षा नेमके नाव सुचत नाही.

त्या बाईसाठी झॉर्न यांनी आपल्या आईलाच समोर बसवले होते. त्यांचे वडील बिअर तयार करणारे जर्मन कारागीर होते आणि आई उप्साला शहरातल्या बिअरच्या कारखान्यात बाटल्या भरण्याचे काम करीत असे. या दोघांचे लग्न झाले नव्हते. १८६० मध्ये जन्मलेल्या या मुलाने वडिलांना कधीच पाहिले नाही. तो दालार्ना प्रांतातल्या मोरा गावाजवळ आजी-आजोबांच्या शेतावर वाढला. मला वाटते, म्हणूनच या चित्रात कष्टांची कीव नाही. अन्न शिजेपर्यंत वाट पाहणाऱ्या बाईच्या बसण्यात जो जडपणा असतो, तो त्यांनी आहे तसा उतरवला आहे.

ते काही काळ लंडनला व पुढे पॅरिसला राहिले, तैलरंगांकडे वळले आणि क्लीव्हलंड व टाफ्ट या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची व्यक्तिचित्रेही त्यांनी काढली. पांढरा, पिवळ्या मातीचा, शेंदरी लाल आणि काळा एवढ्या चारच रंगांची त्यांची मांडणी आजही चित्रकलेचे विद्यार्थी गिरवतात. त्यात निळा नाही. काळ्यात पांढरा मिसळून येणारी थंड राखाडी छटा तांबड्या-पिवळ्या रंगांशेजारी निळसर भासते. आमच्या उन्हाळ्यातल्या रानाला, म्हणजे काळी जमीन, वाळलेला कडबा आणि धुळीने फिकटलेले आभाळ यांना, हे चार रंग पुरावेत असे मला फार वाटते.

एवढी कीर्ती मिळूनही १८९६ मध्ये झॉर्न पत्नी एमासह मोरा गावी कायमचे राहायला परतले आणि १९२० मध्ये तिथेच वारले. परतल्यावर दुसऱ्याच वर्षी, १८९७ मध्ये, त्यांनी गावातल्या मध्यग्रीष्माच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसांच्या, उत्सवात रात्रीही न विझणाऱ्या उजेडात नाचणारी माणसे रंगवली. ती माणसे त्यांच्या शेजारपाजारचीच होती.