मागचे चाक

राळेगाव–कळंब रस्त्यावर डिसेंबरातल्या एका संध्याकाळी, कापूस वेचून सायकलने घरी परतणाऱ्या एका शेतमजुराला मोटारीने उडवले. मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले आणि पाय कायमचा आखूड झाला. दीड वर्षानंतर त्याची बायको फौजदारी खटल्याचा निकाल पिशवीत घालून यवतमाळला माझ्याकडे आली. साक्षीदार फितूर झाल्याने भारतीय दंड विधानाच्या कलम २७९ व ३३८ खालील आरोपांतून चालकाची निर्दोष मुक्तता झाली होती.

"वकीलसाहेब, गाडीवाला तं सुटला. आता आमाले काय भेटन?"

मी तिला समजावले की तिथे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खालील नुकसानभरपाईच्या दाव्यात मात्र कोणती हकिकत अधिक संभवनीय आहे, एवढेच मोटार अपघात दावा न्यायाधिकरण पाहते. (२०१९ च्या दुरुस्तीने आणलेली, दावा दाखल करण्याची सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, आमचा अपघात त्याच्या बराच आधीचा, म्हणून उशीर आड आला नाही.) तरीही चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार आमच्यावरच होता, आणि विमा कंपनीचे लेखी म्हणणे असे होते की सायकलस्वार रस्ता ओलांडताना अचानक आडवा आला.

१९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागपूरहून पांढुर्ण्याकडे जाणारी मोटार उजव्या कडेच्या झाडावर आदळल्याच्या प्रकरणात, असा अपघात स्वतःच निष्काळजीपणा बोलून दाखवतो, असे म्हटले होते. वऱ्हाडातल्या वकिलांना हा निवाडा घरचाच वाटतो. पण झाड कधी आडवे येत नाही, सायकलस्वार येऊ शकतो. त्यामुळे केवळ त्या निवाड्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटले.

घटनास्थळ पंचनाम्यात एक ओळ होती: "डाव्या कडेपासून धुऱ्यापर्यंत कापूस पसरलेला." तिच्याकडे फौजदारी न्यायालयात कोणी लक्ष दिलेले दिसत नव्हते. कापूस डाव्या कडेपासून शेताच्या बांधापर्यंत सांडला होता, म्हणजे धडक रस्त्याच्या मध्यावर नव्हे, कडेला झाली असावी. परिवहन कार्यालयाच्या तपासणी अहवालात मोटारीचा डावा दिवा फुटल्याची आणि ब्रेक व्यवस्थित असल्याची नोंद होती. मी सायकलचे विचारले.

"हाये नं गोठ्यात. भंगारवाला दोन डाव येऊन गेला, पन ह्यायनं इकू देल्ली नाई."

मी त्याच रविवारी त्यांच्या गावी गेलो. पोलिसांकडून सुपूर्तनाम्यावर परत मिळालेली सायकल तुराट्यांच्या पेंढ्यांमागे उभी होती. मागचे चाक दुमडून कॅरिअरला भिडलेले होते. पुढचे चाक मात्र जवळजवळ सरळ, पायडलही शाबूत. आडव्या आलेल्या सायकलला धडक कुशीत बसते, मधला सांगाडा वाकतो. ही सायकल मागूनच ठोकली गेली होती. छायाचित्रे काढून ती मी पुराव्यात दाखल केली.

उलटतपासणीच्या दिवशी कंपनीच्या वकिलांनी दावेदाराला विचारले, "तुम्ही रस्ता ओलांडत होता, तेव्हा गाडीचा उजेड कोणत्या बाजूने आला?" प्रश्नातच त्यांची हकिकत गृहीत धरलेली होती. मी हरकत घेण्यासाठी उठणार, तोच तो कुबडीवर भार देत सावकाश म्हणाला, "मले उजेड नाई दिसला साहेब. माही सावली दिसली, समोर, रस्त्यावर. लांब लांब झाली, मंग काईच समजलं नाई."

न्यायाधीशांनी टंकलेखकाला ते वाक्य जसेच्या तसे घ्यायला सांगितले. रस्ता ओलांडणाऱ्याची सावली त्याच्या बाजूला पडते, समोर नव्हे. हा प्रश्न सरतपासणीत, म्हणजे मी स्वतः त्याची साक्ष घेताना, मला सुचायला हवा होता. तो विरुद्ध पक्षाने विचारला, हे माझे नशीब.

कापसाच्या गाठोड्याने मागचा परावर्तक झाकला गेला, म्हणून सायकलस्वाराचाही दोष धरावा, असा युक्तिवाद कंपनीने केला. तो अगदीच टाकाऊ नव्हता. पण गाठोडे पांढऱ्या धोतराचे होते, आणि ते किती अंतरावरून दिसले हे सांगू शकणारा चालक पिंजऱ्यात आलाच नाही. न्यायाधिकरणाने त्याच्या गैरहजेरीचे अनुमान त्याच्याविरुद्ध काढले आणि संपूर्ण दोष त्याच्यावर ठेवला.

निकालानंतर बाईंनी विचारले, "मंग आता सायकल इकू का?"

कंपनीला अपिलासाठी ९० दिवस आहेत, तोवर थांबा, असे मी सांगितले.

"राहू द्या मंग," ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तुराट्याइच्या मांगंच बरी हाये."