काळी-पिवळीचं स्टिअरिंग

चाळिशी उलटलेल्या माणसानं खेळण्यातल्या गाड्या विकत घ्यायला लागावं, याची आमच्या गावात दोनच कारणं असू शकतात. एक तर घरात लहान पोट्टं असावं, नाहीतर डोकं फिरलेलं असावं. माझी पोरगी कॉलेजात आहे. लोकांनी काय धरलं असेल ते सांगायला नको.

अमरावती जिल्ह्यात परतवाडा-चांदूर बाजार रोडवर माझं टू-व्हीलरच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे, मागे छोटं गॅरेज. नाद लागला तो बहिरमच्या यात्रेत. ही यात्रा डिसेंबरच्या विसेक तारखेला सुरू होते आणि महिनाभर हलत नाही. सगळे हंडीतल्या मटणासाठी आणि रोडग्यांसाठी जातात, मीही त्यासाठीच गेलो होतो. खेळण्यांच्या एका पालावर प्लास्टिकच्या ढिगात एक गाडी हाताला जड लागली. आमच्या धंद्यात वजन आधी कळतं, बाकीचं मग. उलटी करून पाहिली तर ओतीव धातू. कार्ब्युरेटरची बॉडी ज्या जातीच्या जस्ताच्या मिश्रधातूची ओततात, तसलाच. वितळलेला धातू दाब देऊन पोलादी साच्यात सोडायचा, हीच डाय-कास्टिंगची रीत. एवढ्याशा दारांच्या फटी, दिव्यांच्या काचांवरच्या रेषा, सगळं त्या ओतकामात उतरलेलं. घासाघीस करून घेतली आणि घरी कोणाला न दाखवता गल्ल्यात ठेवली.

मग रात्री मोबाइलवर वाचायला लागलो. इंग्लंडमधल्या लेस्नी नावाच्या कारखान्यातल्या जॅक ओडेलच्या मुलीला शाळेत आगपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायची परवानगी होती, म्हणून त्यानं तिला आगपेटीत बसेल असा पितळी रोड रोलर करून दिला, अशी गोष्ट सांगतात. त्यातूनच 1953 साली मॅचबॉक्स ही छोट्या गाड्यांची मालिका निघाली. पहिल्या चार नंबरांत रोड रोलर, डंपर, सिमेंट मिक्सर आणि मॅसी हॅरिसचा ट्रॅक्टर. म्हणजे सुरुवातच कामाच्या गाड्यांनी झाली, हे मला फार आवडलं. हॉट व्हील्स 1968 ची, अमेरिकेतल्या मॅटेलची, आणि तिचा सगळा जोर चकचकीत रंगावर आणि सुसाट पळण्यावर. 1997 मध्ये मॅटेलनं मॅचबॉक्सही घेतली. आता दोन्ही एकाच घरात नांदतात, पण स्वभाव अजून वेगळे आहेत.

मापाचं सांगतो, कारण नवा माणूस इथं गोंधळतो. या गाड्यांचं माप 1:64, म्हणजे चार मीटरची खरी गाडी सव्वासहा सेंटीमीटर. हे झालं कागदावर. पाकीट सगळ्यांना एकच, त्यामुळे बसही मोटारीएवढीच करतात. फळीवर शेजारीशेजारी ठेवल्या की डोळ्यांना खुपतं. ज्याला खुपत नाही तो सुखी.

आमच्याकडे ही वस्तू मिळवायची म्हणजे अमरावती नाहीतर नागपूर. साधी हॉट व्हील्स पावणेदोनशेच्या आसपास पडते. परदेशातून मागवायचा विचार लवकरच सोडला. खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं आणि 2023 मध्ये 70 वर. 1 जानेवारी 2021 पासून मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा आहे, तेव्हा पाकिटावर तो पाहून घ्यावा. ऑनलाइन मागवलं तर कुरिअरवाला फाट्यावरून फोन करतो, 'भाऊ, इथूनच घेऊन जा.' त्यापेक्षा टपाल बरं, पोस्टमन थेट दुकानात पाकीट टाकतो आणि आत काय आहे ते विचारून चहा पितो.

जुन्या गाड्या विकणाऱ्यांची एक खोड सांगून ठेवतो. गाडीच्या तळावर साल कोरलेलं असतं, ते दाखवून 'बघा, किती जुनी आहे' म्हणतात. ते साल साच्याच्या आराखड्याचं असतं. त्या साच्यातून पंधरा वर्षांनी ओतलेल्या गाडीवरही तेच साल राहतं. हॉट व्हील्सच्या अलीकडच्या गाड्यांवर तळाशी एक अक्षर आणि दोन आकडे वेगळे छापलेले असतात. अक्षर वर्षाचं, आकडे आठवड्याचे. खरा जन्म तिथं पाहायचा. मी चेसिस नंबर पाहणारा माणूस, मला हे पटकन उमगलं. विकणाऱ्याला मात्र आवडलं नाही.

पाकीट फोडायचं की नाही, यावर शौकीन लोक हमरीतुमरीवर येतात. मी फोडतो. आमच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, गोंद सुटतो, उन्हात प्लास्टिक पिवळं पडतं. आणि गाडी हातात घ्यायची नसेल तर घ्यायची कशाला? ट्रेझर हंट म्हणजे आगीच्या ज्वाळेचं चिन्ह असलेल्या दुर्मीळ गाड्यांच्या मागेही मी लागत नाही. दुकानदार त्या आधीच बाजूला काढून ठेवतात आणि वाटेल तो भाव सांगतात.

तरी गाड्या वाढत चालल्या, कुठंतरी लगाम घालायलाच हवा होता. मग ठरवलं की जी गाडी आपल्या रोडवरून कधीतरी गेली आहे, तीच घ्यायची. फेरारी बाद. लॅम्बोर्गिनी बाद. अॅम्बेसिडर हवीच, तिचं उत्पादन 2014 मध्ये बंद झालं, पण पुढाऱ्यांची धूळ आम्ही तिच्याच मागे खाल्ली. ती आणि ऑटोरिक्षा सेंटी टॉईजची मिळाली, प्लास्टिकची, मागे ओढून सोडायची. मेळघाटाच्या जंगलात फिरणारी मारुती जिप्सी मिळेना, म्हणून तिच्या घराण्यातली जिम्नी आणली. पाकिटावर सगळं छान दिसत असतानाही या नेमामुळे हात आपोआप मागे येतो.

फळ्यांसाठी गावातल्या सुतारकाकांकडे गेलो. पोळ्याआधी त्यांच्याकडे लाकडी बैलांची गर्दी असते. सागाचे, चाकांवरचे, तान्ह्या पोळ्याला पोरं दोरीनं ओढत नेतात ते. मोठी माणसं घासाघीस न करता चांगले हजारो मोजतात आणि तो बैल दिवाणखान्यात वर्षभर ठेवतात. त्यांना कोणी काही म्हणत नाही. मी काकांना तसं म्हटलं, तर रंधा न थांबवता बोलले, 'बैलाले हात जोडतात बाप्पा. तुह्या गाडीले कोन जोडन?' फळ्या मात्र झकास करून दिल्या, मागच्या बाजूला थोडा उंचवटा, पुढे बारीक पट्टी, म्हणजे ट्रक गेला तरी गाड्या घसरत नाहीत.

खरी मजा आली जीपच्या वेळी. आमच्या रोडवरची राणी म्हणजे काळी-पिवळी, सवाऱ्या वाहणारी जीप. ती कुठंच तयार मिळत नाही. मॅचबॉक्सची विलीज जीप मिळाली. महिंद्रानं आपल्याकडे जुळवायला घेतली ती विलीजचीच जीप. अडचण एकच, ती अमेरिकन आहे आणि तिचं स्टिअरिंग डावीकडे. डावीकडून चालवलेली काळी-पिवळी माझ्या डोळ्यांनी कशी सोसावी?

तळ आणि बॉडी रिबिटांनी जोडलेली असते. तीन मिलीमीटरचं बिट लावून हळूहळू फक्त रिबिटाचं डोकं कातरलं, घाई केली की बिट आत घुसतं. तळ सुटला. सीट, डॅशबोर्ड, स्टिअरिंग मिळून प्लास्टिकचा एकच तुकडा हातात आला. पात्यानं स्टिअरिंग कापलं, चिमट्यात धरून उजवीकडे एका थेंबावर चिकटवलं. डावीकडे उरलेला खुंट पॉलिशपेपरनं घासून साफ केला. बॉडीचा रंग रिमूव्हरनं उतरवला, दुकानातलाच काळा स्प्रे दोन पातळ हातांत मारला. सीट कव्हरच्या रेक्झिनचं कात्रण टपासाठी कापलं आणि ते पिवळं केलं. चाकं अडत होती, त्यांच्या दांड्यांवर पेन्सिलीच्या शिशाची पूड घातली. तेल घातलं की कापसाची धूळ चिकटते. रिबिटाच्या भोकात बारीक स्क्रू फिरवून तळ पुन्हा बसवला आणि मागे अमरावतीचा एमएच 27.

वीसेक वर्षं याच रोडवर काळी-पिवळी चालवलेले एक मामा दुकानात क्लच केबल घ्यायला आले होते. त्यांच्या हातावर जीप ठेवली. त्यांनी चष्मा वर सरकवला, स्टिअरिंग पाहिलं, टप बोटानं दाबून पाहिला, उलटी करून चाकं फिरवली.

'रंग बराबर हाय,' म्हणाले. 'पन मांगं लटकाले पायदान कोठी हाय? ड्रायवरच्या उजव्या बाजूनं एक सवारी बसे, तिची जागा कोठी? एवढ्याशा सवाऱ्यात त डिझेलचे पैसे बी निंघत नाई.'

पायदानासाठी आता ब्रेक केबलची तार सरळ करून ठेवली आहे.