दोडका, पत्र्याचं खुराडं आणि आमच्या सात कोंबड्या

मागच्या मे महिन्यात आमची काबरी कोंबडी उन्हानं गेली. मी जिंतूरला लग्नाला गेले होते. चार वाजता घरी आले तर पाण्याची परळी कोरडी ठाक आणि काबरी खुराड्याच्या कोपऱ्यात पंख पसरून आडवी. तीन वर्षं तिनं आमच्या लेकरांना अंडी दिली. परभणीकडचा मे कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको, पारा ४२च्या पुढे जातो. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकायच्या आणि पंख अंगापासून लांब धरायचे, एवढंच तिच्या हातात असतं. त्यात आमच्या खुराड्यावर पत्रा. खाली भट्टीच होते.

म्हणून या वर्षी ठरवलं, खुराड्यावर दोडक्याचा मांडव घालायचा. घरात दोडका सगळे खातात, पण या वेळी लावला तो सावलीसाठी. वेल मांडवावर चढून पसरायला दीड-दोन महिने जातात. एप्रिलच्या मध्याला सावली हवी तर बी फेब्रुवारीतच मातीत पडायला पाहिजे.

माती तयार करायचं निम्मं काम कोंबड्यांनीच केलं. पेरणीआधी पंधरा दिवस वाफा त्यांना मोकळा सोडला होता. मी कुदळीनं ढेकळं उलटी करायची आणि त्या मागे मागे येऊन हुमणीच्या पांढऱ्या अळ्या, किड्यांचे कोष वेचायच्या. खत त्यांचंच, पण मुरवलेलं. दोन वर्षांपूर्वी मी खुराडं झाडून ताजी शिट तशीच वांग्याच्या बुडाला टाकली होती. चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या आणि अकरातली आठ झाडं गेली. कोंबडखत फार गरम असतं. आता दिवाळीपासूनची शिट, कडब्याचा भुगा आणि कडुलिंबाचा पाला खड्ड्यात थरावर थर घालून ओला ठेवते. फाल्गुनापर्यंत त्याला पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो, तेव्हाच ते आळ्यात जातं.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी बिया टोबल्या, एका आळ्यात तीन. रात्रभर भिजवलेल्या होत्या, त्यामुळे सहाव्या दिवशी कोंब वर आले. सातव्या दिवशी सकाळी बघते तर चारही आळी उकरलेली. पंधरा दिवस ज्या वाफ्यात मीच त्यांना सोडत होते, तिथं आता यायचं नाही हे त्यांना कोण सांगणार? मला रडूच आलं. आठ दिवस गेले म्हणजे सावली आठ दिवस लांबली, माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

आत्याबाई म्हणाल्या, “मोकळी माती दिसली की त्या उकरायच्याच गं. बाभळीच्या काट्या आण अन् झाक.” त्यांच्या माहेरी असंच करत. दुसऱ्यांदा बी घातलं, वर काट्या पसरल्या, भोवती तुराट्यांचं कंबरेएवढं कुड केलं. काट्यांमधून कोंब वर येतो, कोंबडीचा पाय मात्र आत जात नाही. शेजारच्या वाफ्यात ‘परभणी क्रांती’ भेंडी घातली, त्यावरही काट्याच. ही भेंडी इथल्याच कृषी विद्यापीठानं काढलेली. पानं पिवळी करणाऱ्या केवडा रोगाला ती चांगली तोंड देते, म्हणून आमच्याकडे दुसरं बी आणतच नाहीत.

मधल्या काळात तांबडी खुडूक झाली, म्हणजे अंड्यांवर बसायला आली. आत्याबाईंचा नियम आहे, शेवटची कोंबडी पाडव्याच्या आधी बसली पाहिजे. पुढं ऊन चढलं की अंडी साठवतानाच खराब होतात. टोपलीत भुसा घालून तिच्याखाली अकरा अंडी ठेवली. आठव्या दिवशी रात्री मोबाईलच्या टॉर्चवर एकेक धरून पाहिलं. नऊ अंड्यांत लाल शिरांचं जाळं दिसलं, दोन स्वच्छ होती, ती काढली. एकविसाव्या दिवशी नऊच्या नऊ पिल्लं बाहेर. सहाव्या दिवशी लासोटा ही मानमोडी रोगाची लस, डोळ्यात एक थेंब. मानमोडीनं खुराडंच्या खुराडं रिकामं झालेलं मी पाहिलंय, त्यामुळे ही लस मी चुकवत नाही. कुपी शंभर पिल्लांची येते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून गल्लीतल्या चार घरांनी एकच दिवस ठरवला आणि बर्फ घातलेल्या थर्मासमधून एकच कुपी आणली. चारही घरची पिल्लं आमच्या ओसरीवर! लेकरांनी शाळेत जायला नाही म्हटलं.

पाडव्याला वेल जेमतेम गुडघ्याएवढा होता. मी रोज सकाळी बोटांनी मोजायचे. तोवर पत्र्यावर पाचट अंथरलं, त्यावर ओलं गोणपाट टाकलं. पाण्याच्या परळ्या एकाच्या तीन केल्या, एक कढीपत्त्याखाली, दोन भिंतीच्या सावलीत. दुपारी बारा आणि तीनला पाणी बदलायचं काम धाकट्याकडे आहे. उघड्या मानेची जी एक कोंबडी आहे ती ऊन बरंच सोसते, बाकीच्या साडेअकरालाच आडोसा धरतात. भांडी विसळलेलं पाणी वेलांच्या आळ्यात जातं. बोअर आत्ताच दम टाकायला लागलंय.

आता वेल मांडवाला टेकलाय. काल संध्याकाळी पहिली दोन पिवळी फुलं उमलली. दोडका दिवस कलला की फुलतो, नेमका कोंबड्या खुराड्याकडे वळतात तेव्हा. ती नरफुलं होती, त्यांना दोडका धरत नाही, पण मी आत्याबाईंना हाक मारून दाखवली. पत्र्याचा पूर्वेकडचा निम्मा भाग पानांखाली गेलाय. पश्चिमेचा उघडा आहे आणि दुपारचं ऊन तिकडूनच येतं. उद्या तिकडं सुतळीच्या आणखी चार ओळी बांधायच्या आणि शेंडे त्या बाजूला वळवायचे आहेत.