रिस्क मॅनेजरने करायचं काय?

चिपळूण-रत्नागिरीकडे 'रिस्क मॅनेजर' अशी पाटी क्वचितच दिसते. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमाने जोखीम व्यवस्थापन समिती सक्तीची आहे ती मुख्यतः बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना. आपल्याकडच्या काजू कारखान्यांत, आमरस डबाबंद करणाऱ्यांकडे किंवा पतसंस्थेत हे काम बहुधा अकाउंटंटच्या गळ्यात पडतं. मग ते विम्याच्या नूतनीकरणापुरतंच उरतं.

पहिला घोळ मालकीचा. जोखीम रिस्क मॅनेजरची नसते, ज्याच्या हातात ते काम आहे त्याची असते. मॅनेजरने जोखमींची नोंदवही ठेवायची, प्रत्येक नोंदीपुढे खात्याचं नव्हे तर एका माणसाचं नाव आणि तारीख घालायची, ठरलेला उपाय झाला का ते जागेवर जाऊन बघायचं, आणि झाला नसेल तर थेट संचालक मंडळाला सांगायचं. हा शेवटचा अधिकार नसेल तर बाकीचं सगळं कागदी.

नोंद कशी लिहिता यावर बरंच ठरतं. 'पुराचा धोका' एवढ्यावर कोणी काही करू शकत नाही. 'अतिवृष्टी आणि भरती एकाच वेळी आली, वाशिष्ठी नदीचं पाणी आवारात शिरलं, तर तळमजल्यावरचं जनरेटरचं पॅनल बुडून शीतगृह बंद पडेल' असं लिहिलं की उपाय त्यातच दिसतो: पॅनल वर न्या. किती वर? २०२१ च्या पुराची खूण भिंतीवर असेल, तिच्याही वर. हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की रात्री माल कोण हलवणार, गोदामाची किल्ली कोणाकडे, हेही त्याच नोंदीत हवं. डिझेल एका दिवसाचं ठेवून भागत नाही. २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड, दापोली, मंडणगडच्या कितीतरी गावांत वीज यायला आठवडे लागले.

शक्यता १ ते ५, परिणाम १ ते ५ आणि दोन्हींचा गुणाकार, ही रीत सगळीकडे आहे, पण ती फसवते. चिपळुणातले मोठे पूर २००५ आणि २०२१ चे, म्हणून कोणी शक्यतेला १ देतो. परिणाम ५, गुण ५. दर आठवड्याला होणाऱ्या बिलातल्या किरकोळ चुकीलाही ५ × १ = ५ च! म्हणून परिणाम ५ असलेली प्रत्येक नोंद, गुण काहीही असोत, मंडळापुढे गेलीच पाहिजे.

आता विमा. विमा रक्कम बहुतेक जण ३१ मार्चच्या ताळेबंदातल्या साठ्यावरून ठरवतात. आमरसाचा हंगाम एप्रिल ते जून, म्हणजे गोदाम भरतं नेमकं पावसाच्या तोंडावर. माल १ कोटीचा, विमा ६० लाखांचा आणि नुकसान २० लाखांचं असेल, तर सरासरीच्या अटीनुसार (विमा मालाच्या किमतीहून कमी असेल तर भरपाईही त्याच प्रमाणात कमी) हातात १२ लाखच येतात. कारखाना बंद राहिल्याने बुडालेला नफा तर साध्या पॉलिसीत धरलेलाच नसतो. त्याचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं.