दूरशिक्षणाचा फॉर्म भरण्याआधी

कोल्हापुरात घरबसल्या पदवी घ्यायची तर दोन वाटा जवळच्या. शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं इथलं विभागीय केंद्र. इग्नू, म्हणजे दिल्लीचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, आहेच. पेपर अवघड नसतात. माणसं अडकतात ती प्रवेशाच्या कागदांत आणि स्वाध्यायांत, म्हणजे घरी लिहून जमा करायच्या उत्तरांत.

आधी मान्यता. विद्यापीठ नावाजलेलं आहे एवढ्यावर जाऊ नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण ब्युरोच्या संकेतस्थळावर तुमचा अभ्यासक्रम, तुमच्या सत्राच्या यादीत दिसला पाहिजे. प्रवेशाची सत्रं दोन, जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी. इंजिनिअरिंग, नर्सिंग, कायदा दूरशिक्षणानं होत नाही. मानसशास्त्र आणि पोषणशास्त्र २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून बंद झालं, बीएतला एक विषय म्हणूनसुद्धा. परराज्यातल्या विद्यापीठाचं 'सेंटर' म्हणून कुणी गाळा थाटून 'परीक्षेचं आम्ही बघतो' म्हणत असेल, तर तिथून सरळ उठावं. पावती विद्यापीठाच्या नावाचीच हवी.

आता खरी गोची, नावाची. २०२४ पासून प्रवेशाला डेब आयडी, म्हणजे त्याच दूरशिक्षण ब्युरोचा विद्यार्थी क्रमांक, लागतो. तो काढायला आधी डिजिलॉकरमधून एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा क्रमांक), आणि त्यात नाव येतं आधारवरचं. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. क्रम उलटा असला तर सहसा भागतं. पण लग्नानंतर आधारवर सासरचं आडनाव आणि गुणपत्रिकेवर माहेरचं असेल, किंवा इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे असेल, तर छाननीत फॉर्म अडकतो. अशा वेळी राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र मागतात. हे कागद एका दिवसात हातात पडत नाहीत, त्यामुळे मुदतीच्या आठवड्यात धावाधाव करण्यापेक्षा महिनाभर आधी आधार आणि गुणपत्रिका शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. निपाणी-बेळगावकडून बारावी केलेल्यांनी मायग्रेशन सर्टिफिकेटही आधीच काढून ठेवावं. बोर्ड वेगळं म्हटल्यावर ते मागितलं जातंच.

अभ्यासाचा हिशेब कुणी सांगत नाही. दूरशिक्षणात १ क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. ४ क्रेडिटचा विषय १२० तासांचा. सहा महिन्यांत २० क्रेडिट घेतले तर ६०० तास, म्हणजे २६ आठवड्यांत आठवड्याला साधारण २३ तास. शिरोली एमआयडीसीत रात्रपाळी करून रोज सव्वातीन तास काढणं सोपं नाही. बरेच जण आदल्या महिन्यात गाइड उघडतात, आणि मग निकाल तसाच लागतो. त्यापेक्षा मुदत ताणून करावं. इग्नूत तीन वर्षांच्या पदवीला सहा वर्षांपर्यंत मुभा आहे.

गुणांची विभागणी साधारण ३० स्वाध्यायाला, ७० लेखीला. इग्नूत दोन्हीत स्वतंत्र पास व्हावं लागतं. लेखीत चांगले गुण पडूनही स्वाध्याय दिला नसेल, तर विषय अपूर्णच राहतो. स्वाध्याय केंद्रात देताना पहिल्या पानाच्या झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख घ्या. गठ्ठ्यात एखादा गहाळ झाला तर तुमच्या बाजूनं बोलायला तेवढाच कागद. परीक्षेचा फॉर्मही इग्नूत वेगळा असतो, प्रवेशाची फी भरली म्हणून हॉल तिकीट आपोआप येत नाही.