काशीदच्या पुळणीवर उधाणाची रेघ

अलिबागहून मुरुडच्या रस्त्याने साधारण 30 किलोमीटर गेलं की सुरूच्या झाडांआडून काशीदची पांढरट वाळू दिसू लागते. इतका देखणा किनारा, आणि सुट्टीच्या संध्याकाळी त्याची जी दशा होते ती बघवत नाही. वेफर्सची पाकिटं, कागदी पेले, शहाळ्यांची टरफलं भरतीने एका रेघेत आणून टाकलेली असतात. सोयी कुठे करायच्या हे या रेघेकडे पाहून ठरवायला हवं. काशीद काय, नागाव काय, सगळीकडे नेमकं तेच राहून जातं.

कचऱ्याचे डबे थेट पुळणीवर ठेवतात. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती कमी असते तेव्हा, पाणी तिथवर चढत नाही, म्हणून जागा बरी वाटते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं, मुंबईच्या वेळापत्रकात भरतीची उंची 4.5 मीटरच्या वर जाते, आणि डबा कचऱ्यासकट समुद्रात जातो. झाकण नसेल तर त्याआधीच कावळे-कुत्री तो उपसतात. घंटागाडीही वाळूत उतरू शकत नाही. डबे हवेत ते पायवाट रस्त्याला मिळते तिथे, झाकणाचे, जमिनीत घट्ट रोवलेले.

शौचालयांचं दुखणं जमिनीखाली आहे. किनाऱ्याच्या वाळूत थोडं खणलं तरी पाणी लागतं, भरतीला त्याची पातळी आणखी चढते. मग शोषखड्ड्यात मैलापाणी मुरणार कुठे? ते तुंबतं, नाहीतर शेजारच्या विहिरीकडे झिरपतं. इथे बंद टाकी आणि ठरलेल्या दिवशी उपसा, एवढाच मार्ग. लोखंडी कड्या-बिजागऱ्या खाऱ्या हवेत लवकर गंजतात आणि कडी गेली की बायका त्या दाराकडे फिरकत नाहीत. पाय धुण्याच्या नळाखाली वाळू अडवणारी छोटी कुंडी हवी, ती रोज उपसायची. नाहीतर गटार बुजलंच.

गाड्या सुरूच्या बनात आणि पुढे वाळूत घुसतात तेव्हा मर्यादवेल चिरडली जाते. वाळू धरून ठेवणारी तीच. ती गेली की वारा वाळू रस्त्यावर आणतो आणि पावसाळ्यात लाटा किनारा खात आत येतात.

जाणार असाल तर भरतीची वेळ आधी बघा, ती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. गाडी डांबरी रस्त्याच्या कडेलाच ठेवा. शहाळं टपरीवरच पिऊन टरफल तिथेच द्या, बाकी कचऱ्यासाठी एक गोणी डिकीत असू द्या. आणि गावाची घंटागाडी सोमवारऐवजी रविवारी अंधार पडायच्या आत एकदा फिरली, तर रात्रीच्या भरतीला वाहून न्यायला फार थोडं उरेल.