तुम्ही विचारलंत म्हणून: सागवानी कपाटात ठेवलेला खाऊ

ग्रंथालयाच्या देवघेव विभागात बसते, त्यामुळे दिवसभरात शंभरेक माणसांशी हातभर अंतरावरून बोलणे होते, आणि त्यांपैकी कोणी ना कोणी पुस्तक पुढे करता करता विचारतेच, "ताई, तुम्ही कोणतं सेंट लावता?" एका आजींनी तर प्रश्नाबरोबर वर्णनही केले होते: "जुनं सागवानी कपाट उघडल्यासारखं वाटतं, पण आत कुणीतरी खाऊ ठेवलाय." याहून नेमके वर्णन मला अजून सुचलेले नाही. खिडकीपाशी रांग असते, म्हणून एरवी मी नाव सांगून मोकळी होते. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

त्याचे नाव 'अँ ब्वा व्हानीय'. सेर्ज ल्युटेन्स या फ्रेंच घराण्याचे हे अत्तर क्रिस्टोफर शेल्ड्रेक यांनी घडवले आणि ते २००३ साली बाजारात आले. माझ्या मामेबहिणीने पॅरिसहून येताना ते माझ्यासाठी आणले. फ्रेंच नावाचा सरळ अर्थ 'व्हॅनिलाचे एक लाकूड' असा होतो, आणि व्हॅनिला ही तर वेल आहे, तिला लाकूड कुठले, असा प्रश्न मला तेव्हा पडला होता. लावल्याबरोबर पहिल्यांदा येतो तो ज्येष्ठमधाचा वास, घसा बसल्यावर काडी चघळतो तेव्हाचा, गोड असूनही किंचित कडवट. मग नारळाच्या दुधाची आणि मधमाश्यांच्या मेणाची मऊ झाक येते. अर्ध्या तासाने हे सगळे मागे सरते आणि खाली चंदन उरते. देवळात दरवळते ते नव्हे, तर सहाणेवर चार थेंब पाणी टाकून खोड फिरवायला लागावे आणि पहिले गंध पातळ, दुधाळ उतरावे, त्या क्षणाचे चंदन.

नावाचे कोडे मात्र मला वाचल्यावर उलगडले, आणि तेव्हापासून हे अत्तर मला अधिकच आवडू लागले. व्हॅनिलाची हिरवी शेंग वेलीवरून काढली तर तिला हा वास नसतो. ती गरम पाण्यातून काढून, उबेत घाम फोडून, उन्हात आणि सावलीत महिनोन्‌महिने मुरवावी लागते, तेव्हा तिच्यात व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन तयार होते. हे द्रव्य १८५८ साली निकोला-तेओदोर गोब्ले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी शेंगेतून वेगळे केले. पुढे १८७४ मध्ये फर्डिनांड टीमान आणि विल्हेल्म हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तेच द्रव्य सूचिपर्णी झाडांच्या रसातल्या कोनिफेरिन नावाच्या द्रव्यापासून तयार करून दाखवले, आणि नंतरच्या काळात कागद गिरण्यांच्या टाकाऊ द्रवातूनही ते काढले जाऊ लागले. लाकडाला ताठ ठेवणारे लिग्निन मोडले की त्यातून व्हॅनिलिन मिळते. म्हणजे व्हॅनिलाचा वास लाकडाच्या पोटातच असतो! लाकडाच्या लगद्याच्या जुन्या कागदात लिग्निन वर्षानुवर्षे सावकाश मोडत राहते, आणि त्यातून सुटणाऱ्या अनेक गंधांत थोडे व्हॅनिलिनही असते. आमच्या मागच्या दालनात जुन्या मासिकांचे बांधीव अंक आहेत. त्यांतला एखादा उघडून शिवणीपाशी नाक नेले, तर धुळीच्या आणि सरसाच्या वासाखालून एक फिकट गोडवा येतो. मी रोज ज्या हवेत काम करते तिचाच वास मनगटावर लावून येते, हे कळल्यावर मला फार बरे वाटले.

रोजच्या वापरासाठी हाच प्रकार का, याचे उत्तरही इथेच आहे. लिंबू, संत्रे अशा सालींचे गंध पटकन उडून जातात. व्हॅनिलिन आणि चंदनतेलातली द्रव्ये सावकाश उडतात, म्हणून सकाळी दहाला लावलेले सायंकाळी सहालाही अंगाजवळ असते, आणि दिवसभरात फारसे रूप बदलत नाही. नुसत्या व्हॅनिलाला मी रोजचे मानत नाही. तो गोडवा तासाभरात जड होतो, बंद खोलीत शेजारच्याला केकच्या दुकानात बसल्यासारखे वाटते, आणि एप्रिलच्या उन्हात तर नकोसा होतो. लाकूड त्यातली ओल शोषून घेते आणि गोडव्याला कोरडेपणा देते. शेजारी येऊन उभा राहील त्यालाच कळावे, खोलीभर पसरू नये, ही माझी अपेक्षा ते पूर्ण करते. पावसाळ्यात, कपडे नीट वाळत नाहीत त्या दिवसांत, मला ते सर्वांत जवळचे वाटते.

लावण्याबद्दल दोन गोष्टी आवर्जून सांगते. आंघोळीनंतर थोडे खोबरेल जिरवून त्यावर एकदाच, फार तर दोनदा फवारावे. कोरड्या त्वचेवर ते लवकर विरते. मी मनगटापेक्षा कोपराच्या आतल्या बाजूला अधिक लावते, कारण हात पुस्तकांना लागतात. दुसरी गोष्ट नुकसान सोसून शिकले आहे. पूर्वी एका लहान दुकानातून व्हॅनिलाचे अत्तर घेतले होते आणि ते पांढऱ्या सुती ओढणीवर लावले; काही दिवसांनी तिथे चहा सांडावा तसे तांबूस डाग दिसू लागले आणि धुऊनही गेले नाहीत. व्हॅनिलिन हवा आणि उजेड लागला की तांबूस होते, त्यामुळे व्हॅनिला असलेले कोणतेही अत्तर पांढऱ्या कपड्यापासून लांबच ठेवावे, आणि बाटली खिडकीत न ठेवता कपाटात ठेवावी.

हेच अत्तर घ्या असे मी कोणाला सांगत नाही, कारण ते महाग आहे. दुकानात गेल्यावर व्हॅनिलाबरोबर चंदन किंवा सेडर असलेले काही दाखवा, असे सांगावे. जुनी चांगली पेन्सिल तासताना येई तो कोरडा वास सेडरच्या लाकडाचा. नाहीतर अत्तरवाल्याकडून चंदनाचे साधे अत्तर घेऊन आधी ते लावावे आणि वर व्हॅनिलाचा अगदी हलका हात फिरवावा. उलट क्रमाने केले तर मला चंदन बुजलेले जाणवते.

दुकानातच नाकाला लावून निर्णय मात्र घेऊ नका. मी खणात कोऱ्या कागदाच्या पट्ट्या ठेवते, आणि ज्यांना खरेच उत्सुकता असते त्यांच्यासाठी एका पट्टीवर फवारून, ती वाळली की हातात देते. परवा एका मुलाला दिली. त्याने लगेच हुंगून "गोड आहे" म्हटले. त्याला म्हटले, आत्ताचे राहू दे, घरी जाऊन रात्री जेवणानंतर पुन्हा हुंग, आणि पुस्तक परत करायला येशील तेव्हा सांग. त्याची मुदत शुक्रवारी आहे.